एक सप्तक खाली

दस्तगीर,

तुझ्या मयतीला मी आलो होतो. कब्रस्तानाच्या रस्त्यावर तुझ्या चुलतभावानं माझा हात धरून मला पुढं घेतलं आणि म्हणाला, "बिराभाऊ, खांदा द्या. तुम्ही त्याचे सगळ्यात जवळचे." मी खांदा दिला. वीस-पंचवीस पावलं चाललो असेन. मग दुसऱ्याला जागा करून दिली आणि मागं सरकत सरकत गर्दीच्या शेवटाला गेलो. लोकांना वाटलं, मला सहन होत नाही. तसं नव्हतं रे. दुःख तर होतंच, पण त्या वेळी डोक्यात एवढंच होतं, की ह्या माणसाला खांदा द्यायचा हक्क मला नाही, आणि ही गोष्ट इथं कुणालाच ठाऊक नाही.

तुलाही ठाऊक नव्हती. सहा वर्षं मी ती तुझ्यापासून लपवली. आज तुला जाऊन बावीस दिवस झाले. शिरूरला माझ्या कॉम्प्युटर सेंटरात बसून मी हे लिहितोय. दुपारची वेळ आहे, क्लासची पोरं अजून यायची आहेत. तुला जे सांगायला हवं होतं ते आधी लिहून टाकतो, नाहीतर परत आजूबाजूचंच बोलत राहीन.

तुझ्या भरतीच्या कागदावरचे सगळे सूर एक सप्तक खाली आणणं हे दोन बटणांचं काम होतं. दोन बटणं एकत्र दाबायची, एक सेकंद. मी तुला सांगितलं होतं की ते होत नाही.

आपली ओळख झाली तीसुद्धा माझ्या चुकीनंच. न्हावऱ्याला माझ्या बहिणीचं लग्न होतं. दौंडहून तुमचा बँड आला होता. पुढं तुझे वडील, ज्यांना सगळा तालुका मास्तर म्हणतो, आणि त्यांच्या उजव्या अंगाला कॉर्नेट, म्हणजे तो छोटा पितळी बाजा, घेतलेला तू. बँडवाल्यांच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडं होती आणि मी ती साफ विसरलो. चार वाजता तू मला मांडवाच्या मागं गाठलंस. लाल कोटाची बटणं सोडलेली, कपाळावर टोपीचा वळ.

"ओ नवरीचे भाऊ, आता आमच्या पोटातच बँड वाजायला लागलाय. त्याची सुपारी वेगळी घ्यावी लागंल."

मी शरमेनं अर्धा झालो. स्वतः वाढायला बसलो. तू चौथी पोळी घेताना म्हणालास, "बिराभौ, रोज विसरत जावा. एवढ्या आग्रहानं बँडवाल्याला कुणी वाढत न्हाई."

त्या संध्याकाळी तुमची गाडी बिघडली म्हणून तुम्ही थांबलात. आमचे आप्पा, माझे वडील, अंगणात बसून ओवी म्हणत होते. आमच्या घरी आता ऊस आणि कांदा, मेंढरं आप्पांच्या तरुणपणीच गेली, पण चाल राहिली होती. आप्पांचा आवाज खर्जातला, जमिनीला धरून चालणारा. तू उठून त्यांच्याजवळ जाऊन बसलास आणि गाडी दुरुस्त झाली तरी उठेनास.

"आरं पोरा," आप्पा म्हणाले, "ह्यात वाजवण्यासारखं काय हाय? ह्ये मेंढरामागं चालताना म्हणायचं."

"म्हणूनच आप्पा," तू म्हणालास. "आमच्या सगळ्या चाली पळत्यात. ही चालती."

पुढं तू त्या एका चालीसाठी तीनदा एसटीनं न्हावऱ्याला आलास. आणि आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा चौथ्यांदा. त्या वेळी कॉर्नेटच्या तोंडात टॉवेल कोंबून, आवाज अगदी बारीक करून तू त्यांच्या उशाशी ती चाल वाजवलीस. आप्पांच्याच आवाजात, तितकीच खाली. आप्पांचे डोळे मिटलेले होते, पण पांघरुणाखाली पायाचा अंगठा हलत होता. मी तो बघितला. दस्तगीर, आयुष्यात मला कुणी काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी ती दुपार सांगेन. आणि म्हणूनच मला ही सबबसुद्धा नाही, की ती चाल कशी वाजायला हवी होती ते मला माहीत नव्हतं. मी ती ऐकली होती. माझ्या बापाच्या अंथरुणाशी बसून ऐकली होती.

मग ती भरती आली. दौंडलाच, सरकारी बँडात, कायमची नोकरी. तुझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. वयाच्या अटीत तू शेवटच्या वर्षाला होतास. एक चाल आपल्या आवडीची वाजवायची आणि तिचा नोटेशनचा कागद साहेबांच्या हातात द्यायचा, म्हणजे कागदावर जे आहे तेच माणूस वाजवतो का ते त्यांना कळतं, अशी अट होती. तू जन्मभर कानानं वाजवत आलेला. मास्तरांनी कुणा फौजेतल्या बँडवाल्याकडून तरुणपणी नोटेशन शिकून घेतलं होतं, ते त्यांनी तुला भरतीआधीच्या सहा महिन्यांत शिकवलं. आणि तू आप्पांची चाल निवडलीस. पेन्सिलनं, पट्टी धरून पाच-पाच रेघा आखून, तू ती स्वतः लिहून काढलीस. तो कागद मला दाखवायला शिरूरला आलास. सगळं बरोबर होतं त्यात. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की छान आहे, जा.

मी म्हणालो, "साहेब लोकांपुढं पेन्सिलचा कागद घेऊन जाणार? गावठी दिसतं रे. मी तुला छापील करून देतो."

नोटेशनचं सॉफ्टवेअर माझ्याकडं नवीन आलं होतं. पुण्याच्या एका ओळखीच्यानं सीडी दिली होती. सोबत पुस्तक नाही, शिकवणारं कुणी नाही. मला त्यातलं चार आण्याचं कळत होतं, पण सेंटरात पोरंपोरी मला सर म्हणायची आणि तालुक्यात असलं काम करणारा मी एकटाच होतो. ती हवा होती डोक्यात. कॉम्प्युटरला एक छोटा कीबोर्ड जोडला होता. तू कागद बघून एकेक सूर म्हणायचास, मी एका बोटानं ती पट्टी दाबायचो आणि पडद्यावर त्या सुराचा गोळा उमटायचा. मध्येच लाईट जायची आणि सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जायचं. तू म्हणायचास, "ह्याच्यापेक्षा आमची मेंढी सुदीक लक्षात ठेवती." मेंढ्या माझ्या घरच्या, त्याही कधीच गेलेल्या, पण तुझ्या तोंडी त्या कायम आमच्या असायच्या.

माझे स्पीकर प्लास्टिकचे, डब्याएवढे. खालचे सूर त्यातून फाटके, भुंग्यासारखे यायचे. आप्पांची चाल त्यातून लावली की लाज वाटावी असा आवाज. त्या छोट्या कीबोर्डावर एक बटण होतं. ते दाबलं की तीच पट्टी एक सप्तक वरचा सूर देते. मी दाबून बघितलं. आवाज एकदम काचेसारखा स्वच्छ आला. तू त्या दिवशी आला नव्हतास. मी आधीचं सगळं पुसलं आणि तुझ्या कागदावरून, तुला न विचारता, पूर्ण चाल एक सप्तक वर भरली. अकरा दिवसांचं काम झालं सगळं मिळून. तीन पानं. चांगल्या जाड कागदावर छापली, भोवती बारीक चौकट घातली, आणि प्रत्येक पानाच्या खाली माझ्या सेंटरचं नाव टाकलं.

तू ती पानं हातात घेतलीस. आधी वास घेतलास शाईचा. मग बघत राहिलास.

"बिराभौ, पाच रेघांत जागा न्हवती व्हय रे? समदे सूर छपरावर चढून बसल्यात."

"एक सप्तक वर घेतलंय. ऐकायला छान वाटतं. हे बघ." मी स्पीकरवर लावून दाखवलं.

तू ऐकलंस. "गोड हाय. कोकराच्या गळ्यातल्या घंटीगत. पर फुंकायला कोण यायचं, तुझा कॉम्प्युटर?"

मागं टायपिंगला बसलेल्या पोरी हसल्या. बस, एवढंच झालं. त्या पोरी हसल्या आणि माझे कान तापले.

"एक सप्तक खाली घे की," तू म्हणालास. "सूर त्येच. नुसतं खाली."

"तसं होत नाही. एकदा भरलं की भरलं. सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागेल."

खरं सांगतो, त्या घटकेला ते मुद्दाम खोटं नव्हतं. मला येत नव्हतं. पण 'मला येत नाही, बघतो' असं म्हणायचं सोडून मी 'होत नाही' म्हणालो.

"मग पेन्सिलचाच नेऊ का?"

"मग हा एवढा खटाटोप कशाला केला मी?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी कसा दिसत होतो कोण जाणे. तू पानं नीट जुळवून पिशवीत ठेवलीस आणि म्हणालास, "ऱ्हाऊ दे. अकरा दिवस तू घातलेस. ओठ मी घालतो."

माझा मान राहावा म्हणून तू ते केलंस. हे मला तेव्हाही कळलं होतं.

मास्तरांना तू विचारलं होतंस, वरचं लिहिलेलं खाली वाजवलं तर चालेल का. ते म्हणाले, "कागदावर हाय तसंच वाजवायचं. न्हाईतर कागद कशाला?" छापील कागदाची त्या घरात इतकी इज्जत होती, की तो चुकीचा असेल हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मास्तर चाळीस वर्षं हातानं लिहिलेल्या कागदांवर खाडाखोड करत आले होते. माझ्या कागदावर त्यांनी पेन टेकवला नाही.

भरतीला आठ दिवस होते. मी एका शाळेच्या गॅदरिंगचं गाणं बसवत होतो. काहीतरी निवडायला गेलो आणि बोट चुकून दुसऱ्या कळेवर पडलं. पडद्यावरचे सगळे गोळे एकदम एक सप्तक खाली उतरले. मी परत केलं. परत उतरले. मी तुझी फाईल उघडली, सगळं निवडलं, तीच दोन बटणं दाबली. आप्पांची चाल आपल्या जागी आली. पाच रेघांच्या आत आणि थोडी खाली, जशी तू पेन्सिलनं लिहिली होतीस तशी. तीन पानं, एका सेकंदात.

 मग उठून तुझ्या घराशेजारच्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं तुला हाक मारली. गल्लीतून तू पळत येताना चपला वाजल्या, त्या मला फोनमध्ये ऐकू आल्या. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, 'दस्तगीर, माझं चुकलं, होतं ते, उद्या नवा कागद घेऊन येतो.' पण पहिलं तूच बोललास.

"बिराभौ! लागला! काल वरचा सूर लागला, आन् एकदा न्हाई, तीनदा! अब्बा उठून उभं ऱ्हायले. जन्मात कवा उभं ऱ्हायले न्हाईत माझ्यासाठी. तुझ्या कागदामुळं झालं. मी एवढा वर कवा गेलोच नसतो."

मी म्हणालो, "अरे वा."

"तू का फोन केलास?"

"काही नाही. सहज."

आजवर मी स्वतःला सांगत आलो, की तू इतका खूष होतास म्हणून मी गप्प बसलो. हे खोटं आहे. मी गप्प बसलो, कारण खरं सांगितलं असतं तर 'होत नाही' हे माझं बोलणं खोटं ठरलं असतं, आणि त्या पोरींपुढं, तुझ्यापुढं, मास्तरांपुढं माझं सर असणं गेलं असतं. तुझा आनंद मला फक्त आयता मिळाला लपायला. फोन ठेवून मी जागेवर आलो. तुझी फाईल अजून पडद्यावर होती, खाली उतरलेली. मी परत दोन बटणं दाबली आणि ती वर चढवली. मग सेव्ह केली. हे माझ्या हातांनी केलं. कागद अजून साहेबांच्या हातात गेला नव्हता. आठ दिवस होते. शिरूरहून दौंडला दिवसातून कितीतरी गाड्या जातात.

भरतीच्या दिवशी मी तुझ्याबरोबर आलो. तुला सकाळी सातला आत घेतलं. मी कंपाउंडच्या भिंतीबाहेर थांबलो. ऊन चढत गेलं. तुझा नंबर दुपारी दोनच्या पुढं आला. सात तास तू उन्हात, ओठ सुकलेले, रिकाम्या पोटी. घरी अंगणात, ताज्या ओठांनी लागणारा सूर निराळा असतो, हे मला आता कळतं. तेव्हा तुझ्या कागदावर मी फक्त गोळे मांडले होते.

भिंतीपलीकडून बाजा ऐकू आला. पहिलं पान छान गेलं. दुसऱ्या पानावर तो पहिला उंच सूर आहे, तो लागला. मी भिंतीला हात टेकून उभा होतो. दुसऱ्यांदा तो येतो तिथं फाटला. तू थांबलास. श्वास घेतलास. परत चढलास, परत फाटला. खाली वाजव, मी मनात म्हणत होतो, खाली ये रे, कागद गेला खड्ड्यात. तू तिसऱ्यांदा चढलास. मग आवाजच बंद झाला.

बाहेर आलास तेव्हा खालचा ओठ फुटला होता. रुमालानं माउथपीस पुसत होतास.

"काय म्हणाले?"

"कागद लई झ्याक हाय म्हणाले. कुठं करून घेतला ते विचारत व्हते. मी तुझं नाव सांगितलं."

"आणि वाजवण्याचं?"

"त्याचं काय न्हाई म्हणाले."

पुढच्या महिन्यात तिथलाच एक जण माझा पत्ता विचारत शिरूरला आला, त्याला बँडचे कागद छापून हवे होते. मी करून दिले. तुला हे कधी सांगितलं नाही.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. कारण तू ते कसं सोसलंस हे मी बघितलंय आणि बघत राहण्यापलीकडं काही केलं नाही. लग्नांतून बँड हळूहळू गेले, मोठमोठे स्पीकर आले. तू भांडगावच्या पुढं एका कारखान्यात लागलास, ठेकेदाराकडं. रोज मोटरसायकलवर सोलापूर हायवेनं जायचं आणि यायचं. बाजा पेटीत गेला. आणि मास्तर. एका ईदला मी तुमच्याकडं जेवायला होतो. तुझ्या दोन्ही मुली ताटावर होत्या. मास्तर म्हणाले, "ह्येच्या वयाला मी वरचा सूर धरून अख्खी वरात चालवायचो. ह्येच्या ओठात दमच न्हाई. मोक्याला फाटला." तू मान वर केली नाहीस. मुलींना वाढत राहिलास. मी तुमच्या घरचा घास तोंडात घेऊन बसलो होतो, आणि मी तो गिळला.

आपला शेवटचा वाद आठवतो? शिरूरच्या स्टँडवर, गेल्या उन्हाळ्यात. तू दौंडच्या गाडीसाठी थांबला होतास. कशावरून तरी विषय निघाला आणि मी शहाणपणानं म्हणालो, सूर वरचा असो की खालचा, गणितानं तो तोच असतो, फक्त दुप्पट.

"गणित तुझ्यापाशी ठेव," तू म्हणालास. "आप्पा असते तर त्यांच्यापुढं म्हणला असतास? की आप्पा, उद्यापासनं जरा वरच्या आवाजात म्हणा, स्पीकरात बरं येतंय."

मी दचकलो. स्पीकरचं तुला कसं कळलं? तुला काही कळलं नव्हतं, तू सहज बोलला होतास. पण माझा चेहरा बघून तू हसलास. "आरं, चेष्टा करतोय."

मग जरा वेळानं, हसू गेल्यावर, म्हणालास, "त्योच सूर असतोय, तर मला का न्हाई रे घावला?"

गाडी लागली. तू खिडकीशी बसून हात केलास. माझ्या तोंडात उत्तर होतं, दस्तगीर. सगळं, अथपासून इतिपर्यंत. गाडी दहा मिनिटं जागेवर उभी होती, कंडक्टर चहा पीत होता. मी त्या खिडकीखाली उभा राहून तुझ्याशी कांद्याच्या भावाबद्दल बोललो.

ज्या रस्त्यावर अपघातात तू गेलास, त्या रस्त्यावर तू असायलाच नको होतास. पाळी सुटून घरी यायची ती वेळ, तो हायवे, ती मोटरसायकल, यातलं काहीच तुझ्या वाट्याला आलं नसतं. तू दौंडमध्ये सायकलवर असतास. लोक म्हणतात, ज्याची त्याची वेळ असते. त्यांचं ठीक आहे. ती दोन बटणं त्यांनी दाबलेली नाहीत.

आता शेवटचं. हे लिहायला बसलो ते खरं यासाठी.

तुला जाऊन अठरा दिवस झाले तेव्हा मी दौंडला गेलो. मनाशी ठरवलं होतं, की तुला नाही तर निदान मास्तरांना सांगायचं. ते ओट्यावर एकटेच बसले होते. खूप वाळलेत. मला बघून म्हणाले, "ये बिरा. बस." आणि माझा हात हातात घेऊन बसले. मी हात सोडवून घेतला आणि सगळं सांगितलं. स्पीकर, कीबोर्डाचं बटण, 'होत नाही', फोन, परत वर चढवलेली फाईल, सगळं. सांगताना मला रडू येत होतं. आणि खरं सांगतो, आतून सुटल्यासारखंही वाटत होतं.

मास्तर आपल्या रिकाम्या हाताकडं बघत होते. मला वाटलं, त्यांना ऐकू कमी आलं असेल.

मग म्हणाले, "म्हंजी त्येच्या ओठात दम व्हता."

"होता, मास्तर."

"मी सहा वर्सं त्येला बोललो. ताटावर बोललो. पोरींदेखत बोललो."

मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं,

"त्येला तवा सांगितलं असतंस, तर त्येनं काय केलं असतं?"

"शिव्या दिल्या असत्या."

"आन् मग?"

"मग खालच्या सप्तकात वाजवलं असतं."

त्यांनी मान हलवली, तुझी चाल बरोबर वाजली की हलवायचे तशी. मग भिंतीला धरून उठले. "बिरा, तवा बोलायचं व्हतंस. न्हाई बोललास, तर आता गप बसायचं व्हतंस. त्यो गेला. त्येला मी काय सांगू आता?" आणि आत गेले. दार लावलं नाही त्यांनी, पण परत बाहेरही आले नाहीत. मी बराच वेळ ओट्यावर बसून उठलो.

दस्तगीर, मी त्यांना सांगितलं ते तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठीही नाही. मला जड झालं होतं म्हणून सांगितलं. आणि माझं ओझं उचलून मी पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवून आलो, ज्याचा मुलगा अठरा दिवसांपूर्वी गेला होता. तोवर त्यांना एकच दुःख होतं. आता मुलगा नाही, आणि त्याला काय काय बोललो तेवढं उरलंय. माफी मागायला जागा नाही, हे मला तू गेल्यापासून ठाऊक होतं. आता त्यांनाही ठाऊक झालं.

आज सकाळी तुझ्या घरून भाभींचा फोन आला. म्हणाल्या, "बिराभाई, अब्बा चार दिवसांपासून जेवत नाहीत. नुसतं पाणी घेतात. काय झालं विचारलं तर बोलत नाहीत. मी काय करू?" त्यांना काहीच माहीत नाही. मास्तरांनी माझं नाव घेतलेलं नाही. मग त्या म्हणाल्या, "तुमचं ऐकतात ते. त्यांचा तुमच्यावर लई जीव आहे. तुम्ही येऊन त्यांची समजूत घालाल का?"

मी हो म्हणालो. उद्या सकाळच्या गाडीनं येतोय. तुझ्या ओट्यावर, तुझ्या वडिलांसमोर बसायचंय, आणि त्यांच्यापुढं ताट ठेवायचंय. तू असतास, तर काय बोलू ते तुलाच विचारलं असतं.